मनूच्या उड्या आणि तिसरा मजला

जून २०२४ मध्ये सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र आलं. विषय : 'रात्री उशिरा होणाऱ्या आवाजाबाबत.' आम्ही चौथ्या मजल्यावर, तक्रार तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची. काका कधी दारात येऊन भांडले नव्हते, त्यामुळे ते छापील पत्र जास्तच लागलं. आवाज मनूचा होता. मनू माझी मुलगी, तेव्हा साडेनऊ वर्षांची. ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान चौथ्या वर्षी झालेलं. पलंगावरून फरशीवर उडी, परत पलंग, परत उडी, हे रात्री दहापर्यंत चालायचं. त्याच आठवड्यात शाळेच्या डायरीत शेरा आला की मुलगी तास चालू असताना बाकावर पाठ आपटते, वर्गाचं लक्ष जातं. शिवाय घरी संध्याकाळी गिरक्या आणि अधूनमधून भिंतीवर डोकं.

त्यानंतरच्या वर्षात आम्ही जे शोधत फिरलो ते इथे क्रमाने लिहितोय. मी डॉक्टर नाही, भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. औषधोपचाराचं काही सांगणार नाही. जे केलं, जे फसलं, जे लागू पडलं आणि जिथे सह्या-शिक्के लागले, एवढंच.

आम्ही तडक ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं आणि हालचाली जमाव्यात म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे धावलो, पण तारीख मिळाली ऑगस्टच्या मध्यावरची. मधल्या काळात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना डोकं आपटण्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "हा स्वभाव आहे असं धरून चालू नका. आधी दुखणं शोधा. कान, दात, पोट." मनू थोडं बोलते, पण 'इथे दुखतंय' हे तिला सांगता येत नाही. कान ठीक निघाले. दातांच्या डॉक्टरांनी मागची एक दाढ दाखवली, चांगलीच किडलेली. खुर्चीत बसायला ती तयार नव्हती, तेव्हा तिच्या आईने तिला मांडीवर घेऊन घट्ट धरलं आणि दोन बैठकांत दाढ भरून झाली. खर्च २,४०० रुपये. त्यानंतर डोकं आपटणं पुष्कळच कमी झालं. म्हणून तुमचं मूल अचानक डोकं आपटायला लागलं असेल, तर थेरपीच्या रांगेत उभं राहण्याआधी दात बघून घ्या.

ऑगस्टमध्ये थेरपिस्ट मॅडमची भेट झाली. पहिल्या तपासणीचे १,५००, पुढे ४५ मिनिटांचे ७००. त्यांनी लांबलचक प्रश्नावली भरून घेतली आणि मनूला तासभर नुसतं खेळू दिलं. मग जे समजावलं ते मला यंत्राच्या भाषेत लगेच पटलं. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांच्याखेरीज शरीराला आणखी दोन खबरा, म्हणजे संवेदना, सतत मिळत असतात. एक आतल्या कानातून. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, डोकं कुठे वळलं ते त्या सांगतात. दुसरी स्नायू आणि सांध्यांतून, हातपाय कुठे आहेत आणि त्यांवर किती जोर पडतोय याची. काही मुलांना या खबरा पुरेशा पोहोचत नाहीत, म्हणून ती उडी मारून, आपटून, फिरून त्या ओढून घेतात. कॅलिफोर्नियातल्या जीन आयर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने हा विचार मांडला, त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ चं. पण ऑटिझमच्या निदानाच्या अमेरिकी निकषांत संवेदनांचा मुद्दा आला तो थेट २०१३ मध्ये.

मी विचारलं, याने नक्की फरक पडतो का? त्यांनी आडपडदा ठेवला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये म्हटलं होतं की संवेदनांच्या या विचारावर आधारलेल्या थेरपीचा पुरावा मर्यादित आहे, तेव्हा पालकांनी ठराविक मुदत आणि ठराविक उद्दिष्टं ठरवून ती करून बघावी. आम्ही तीन ठरवली. रात्री साडेआठनंतर फरशीवर उड्या नकोत, डोकं भिंतीवर नको, आणि शाळेत निदान गणिताचा तास पूर्ण बसता यावं. मुदत तीन महिने. कुठल्याही सेंटरला हा प्रश्न विचारा. जे चिडतील तिथे पैसे भरू नका.

त्यांनी उलट आम्हाला विचारलं, "यातलं काय थांबवायचंय, आणि कुणासाठी?" आम्ही यादी सांगितली : उड्या, गिरक्या, पाठ आपटणं, डोकं आपटणं, टीव्हीसमोर डोलणं, हात फडफडवणं. त्यांनी शेवटच्या दोन्हींवर काट मारली. त्याने कुणाला इजा होत नाही, तिचं कुठलं काम अडत नाही, मग पर्याय कशाला शोधायचा? "लोक बघतात," माझी आई म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "बघू देत, आजी." आईला ते आवडलं नाही. गावाकडे एका लग्नात मावशीने "मुलगी मोठी होतेय, असं डोलणं बरं दिसतं का" असं सगळ्यांसमोर विचारलं होतं, ते तिच्या मनात होतं. माझ्याही होतं. नंतर मी ऑटिस्टिक प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेला २०१९ चा एक ब्रिटिश अभ्यास वाचला. या हालचाली आपल्याला सावरतात आणि त्या दडपायला लावल्या की त्रास होतो, असं त्या माणसांनी सांगितलं होतं. आईला मी तो मराठीत वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं. पटलं की नाही ते कळलं नाही, पण डोलणाऱ्या मनूच्या खांद्यावर हात ठेवून थांबवणं तिने सोडलं.

मग नोंदवही सुरू झाली. कारखान्यात मशीन बंद पडलं की आम्ही आधी ब्रेकडाऊन रजिस्टर उघडतो, तशीच ही. तीन रकाने : आधी काय चाललं होतं, हालचाल कोणती, नंतर ती शांत झाली की आणखी पेटली. सप्टेंबरभर आम्ही तिघांनी ती भरली. आईच्या नोंदी सगळ्यात उपयोगी निघाल्या, कारण दिवसभर घरात तीच असते.

गिरक्या जवळपास नेहमी साडेसातच्या सुमारास, जेवणाआधी. आम्ही समजत होतो भूक. आईच्या रकान्यात लिहिलेलं असायचं : 'कुकरची शिट्टी', 'मिक्सर लावला', 'मिक्सर'. म्हणजे मनू गिरक्यांची मजा घेत नव्हती, आवाजापासून पळत होती. त्यावर झोका, ट्रॅम्पोलिन काही चाललं नसतं. वाटण दुपारी करून ठेवायला लागलो, कुकर लावण्याआधी तिला सांगून कानाला हेडफोन द्यायला लागलो. कारखान्यात वापरतो ते कानावरचे मफही चालतात, ४०० रुपयांत मिळतात. आठ-दहा दिवसांत संध्याकाळच्या गिरक्या उरल्या त्या फक्त आनंदाच्या, उदाहरणार्थ मी लवकर घरी आलो की. त्या ठेवल्या.

उड्यांचं कारण वेगळं निघालं. शाळेच्या बसमधून उतरलेल्या दिवशी जास्त, रविवारी कमी, पावसामुळे बाग चुकली की सर्वांत जास्त. आणि नंतर ती शांत व्हायची. इथे शरीर खरोखर काहीतरी मागत होतं.

ऑक्टोबरमध्ये खरेदी सुरू झाली. छोटं ट्रॅम्पोलिन आणलं, ३,६०० रुपये. ती त्यावर दोन दिवस नाचली आणि परत पलंगावरून फरशीवर. मॅडमना विचारल्यावर उलगडा झाला : तिला हवा होता तो खाली आदळल्याचा धक्का, टाचांपासून कंबरेपर्यंत. ट्रॅम्पोलिन नेमका तोच गिळून टाकतं. वर त्याच्या स्प्रिंगा कुरकुरायच्या आणि तिची झोप अकरापर्यंत लांबली. ते भाच्याकडे गेलं. बोटांत फिरवायची खेळणी, दाबायचे चेंडू हेही आणले. सबंध अंगाची भूक बोटांवर भागत नाही. वजनदार ब्लँकेट ऑनलाइन मागवलं, ३,२००. वजन अंगाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आणि मुलाला स्वतःहून बाजूला सारता आलं पाहिजे, एवढं बघून घेतलं होतं. तिने ते सारलंच, पहिल्याच रात्री. २०१४ मध्ये ऑटिस्टिक मुलांवर याची चाचणी झाली होती. झोप वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना ते आवडलं होतं. आमच्या मुलीला तेही आवडलं नाही. आईची जुन्या लुगड्यांची गोधडी मात्र ती थंडीभर अंगावर ओढून झोपली. ब्लँकेटइतकी जड नसेल, पण आजीच्या वासाची. एप्रिलमध्ये गोधडीही बाजूला गेली.

लागू पडलं ते दिवाळीनंतर. माळ्यावर कापसाच्या दोन जुन्या गाद्या होत्या. गादी कारखान्यात त्या उसवून, फोमचे तुकडे घालून, जाड कॅनव्हासच्या खोळीत एक मोठा गठ्ठा शिवून घेतला. १,९०० रुपये पडले. खाली कारखान्यातल्यासारखी जाड रबरी मॅट. त्यावर पाठीवर, कुशीवर, पोटावर पडायचं. धक्का सगळ्या अंगाला आणि आवाज मंद 'धप्प'. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम काकांच्या घरी जाऊन बसलो आणि मनूच्या आईला फोन करून वर उड्या सुरू करायला सांगितलं. काका म्हणाले, "हे चालेल. पण नऊनंतर नको, हिची गोळी असते झोपेची." काकूंना झोप लागत नाही हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. मनूला काय आहे हे काकांना माहीत नव्हतं. चहा झाला. वेळ साडेआठची ठरली आणि काकांनी स्वतः सेक्रेटरींना तसं लिहून दिलं. तक्रार आली तर असं खालच्या घरात बसून ऐका, कागदाला कागदाने उत्तर देण्यापेक्षा हे लवकर होतं.

गठ्ठ्याइतकंच काम जड कामांनी केलं. गिरणीतून पाच किलोचं पीठ पाठीवरच्या सॅकमधून आणणं, लिफ्ट सोडून जिना, कणीक मळणं, पलंग भिंतीपासून ढकलून मागचा केर काढणं. आई म्हणते आमच्या वेळी जातं होतं. खरंय, पण जातं ओढणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिने ते आनंदाने कुणालाही देऊन टाकलं असतं. मुद्दा असा की बसमधून उतरल्यावर लगेच, उड्यांची मागणी यायच्या आधी वीस मिनिटं असं काम झालं, तर रात्रीच्या उड्या आपोआप निम्म्यावर येतात. मागणी आल्यावर दिलं तर तितका उपयोग होत नाही.

झोक्यासाठी स्लॅबला हुक लावायचा होता. कमिटीची परवानगी हवी म्हणून नोव्हेंबरमध्ये अर्ज दिला. सोबत थेरपिस्टचं पत्र आणि मी काढलेलं रेखाचित्र. स्लॅब गळेल, सळई कापली जाईल, उद्या सगळेच हुक लावतील, अशा शंका निघाल्या. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये 'नुकसानीची जबाबदारी सभासदाची' असं लिहून घेऊन परवानगी मिळाली. यात माझा धंदा कामी आला म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पंख्याच्या हुकला झोका कधीही बांधू नका आणि फॉल्स सीलिंगला तर नाहीच. मनू ३० किलोची, पण पार आडवा होईपर्यंत झोका नेला तर खाली येताना हुकवर ओढ तिच्या वजनाच्या जवळपास तिप्पट पडते. एका बोल्टवर विसंबू नये. चार अँकर बोल्टची प्लेट बसवली, आधी सळई कुठे आहे ते तपासून, मजुरीसकट २,८०० रुपये. मी आणि फॅब्रिकेटर दोघे एकदम लटकलो, मगच मनूला बसवलं. झोळीसाठी पुण्याच्या रविवार पेठेतल्या कापडगंजातून ताणणारं लायक्रा कापड आणलं. साडी वापरू नका, जुनी साडी भाराला फाटते. भाड्याचं घर असेल तर हा उद्योग सोडा आणि जवळच्या बागेतला झोका धरा.

झोक्याचे दोन स्वभाव आहेत. मागेपुढे संथ हेलकावे शांत करतात, गोल फिरणं चेतवतं. म्हणून झोपायच्या आधी फक्त हेलकावे. गोल फिरायचं तर ती स्वतः फिरणार, स्वतः थांबणार. दुसऱ्याने फिरवायचं नाही. चेहरा पांढरा पडला, घाम आला, मळमळलं की थांबायचं. फिट्सचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. फुगडी मात्र आम्ही मुद्दाम शिकवली. गोल फिरणं तेच, पण समोर कुणाचे तरी घट्ट धरलेले हात, आणि दमलं की दोघींनी थांबायचं. मंगळागौरीला आत्याबरोबर ती सगळ्यांच्या आधी उभी राहिली.

शाळेची आघाडी वेगळीच होती. डायरीच्या शेऱ्यानंतर भेट झाली तेव्हा सांगण्यात आलं की सवलत हवी असेल तर प्रमाणपत्र आणा. निदानाचा कागद होता, दिव्यांग प्रमाणपत्र आम्ही काढलंच नव्हतं. ऑगस्टमध्ये सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज भरला. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, जुने सगळे रिपोर्ट. सरकारी रुग्णालयाचा बोलावा ऑक्टोबरअखेर आला आणि तपासणी नोव्हेंबरमध्ये झाली. तिथे 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात : ४० प्रश्न, प्रत्येकी १ ते ५ गुण, एकूण ७० च्या खाली ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. सहा विभागांतला एक संवेदनांचा. आमची नोंदवही तिथे सोन्याची ठरली, कारण 'किती वेळा?' या प्रश्नाला आम्ही अंदाज न सांगता पानं दाखवली. मनूने तोवर त्यांची फिरती खुर्ची ताब्यात घेतली होती. सकाळी आठला जा, डबा, पाणी आणि हेडफोन न्या, प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स ठेवा. आपल्या मुलीला काय काय जमत नाही हे अनोळखी माणसासमोर ओळीने सांगत बसणं जड जातं. बायको घरी येईपर्यंत काही बोलली नाही.

कार्ड जानेवारी २०२५ मध्ये डाउनलोड झालं, दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० च्या वर. तो आकडा महत्त्वाचा, बहुतेक सवलती तिथून सुरू होतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकार मानतो, त्यात ऑटिझम आहे. त्याआधीच्या, १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. २०१६ च्या कायद्याचं कलम १६ शाळांना मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायला सांगतं. मी शाळेला एका पानाचं पत्र दिलं, कलमाचा उल्लेख एका ओळीत, बाकी सगळं काय हवंय यावर. वह्यांचा गठ्ठा स्टाफरूमपर्यंत नेण्याचं काम मनूला द्या, दोन तासांच्या मधल्या वेळात एकदा उभं राहू द्या, आणि बाकाच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब बांधू द्या. पायांनी ती ट्यूब ढकलता येते, ताणता येते, आवाज होत नाही. खर्च शून्य, पंक्चरवाल्याने फुकट दिली. पाठीमागे बाकाला एक पातळ उशी. वर्गशिक्षिका मॅडमनी एवढंच विचारलं, "शेजारच्या मुलीलाही हवीय, बांधू का?" पाठ आपटणं थांबलं नाही, पण गणिताचा तास निभावतो.

कार्ड आल्यावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्यविमा योजनेत नाव घातलं. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, त्यात थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेत. थेरपीच्या प्रत्येक पावतीवर तारीख, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का हवा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. आमचा पहिला दावा शिक्का नाही म्हणून परत आला, दुसरा मंजूर व्हायला उन्हाळा उजाडला. पावत्या साठवून ठेवू नका, लगेच पाठवा. दिव्यांग मुलाच्या खर्चापोटी जुन्या करप्रणालीत आयकरात तेव्हा कलम ८० डीडीची ७५,००० ची वजावट मिळायची. ऑटिझमसाठी तेव्हा १०-आयए हा फॉर्म लागायचा; असा फॉर्म सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्राच्या फेरीतच भरून घ्या.

फेब्रुवारीत मल्लखांब करून पाहिला. लाकडी खांबाला एरंडेल चोपडलेलं असतं. मनूने हात लावला, वास घेतला आणि दाराबाहेर. दोरीचा मल्लखांब मात्र आवडला. पायाच्या अंगठ्यात दोरी धरून, मांड्यांनी आवळून लटकायचं. अंगावर दाब आणि सांध्यांवर ताण, जे मागतेय ते सगळं एकाच ठिकाणी. रांगेत उभं राहणं तिला जमत नाही, म्हणून सरांनी बॅच सुरू व्हायच्या आधीचा अर्धा तास दिला. फी ८०० महिना. ती कसरती करत नाही, नुसती चढते आणि लटकते. सरांना चालतं.

तीन महिन्यांची मुदत आम्ही दोनदा वाढवली. जून २०२५ मध्ये मॅडमबरोबर हिशेब मांडला. रात्रीच्या उड्या गाद्यांच्या गठ्ठ्यावर आल्या. डोकं आपटणं क्वचित, आणि ते दिसलं की आम्ही पहिल्यांदा तोंड उघडून दाढा बघतो. आठवड्याच्या तीन सेशन्सवरून एकावर आलो. एसटीचा लांबचा प्रवास अजून जमत नाही. तीन तासांच्या पुढे ती सीटवर आपटायला लागते, दर थांब्याला उतरून डेपोच्या भिंतीला दोन्ही हातांनी ढकलायला लावतो, तेवढ्याने पुढचा तास निघतो. आणि तिचं वजन वाढतंय, म्हणून हुकच्या प्लेटचे बोल्ट दर तीन महिन्यांनी तपासतो. झोळीचं कापड या दिवाळीला बदलायचं आहे.